हातभर नळी

"गप रवा जरा," असं म्हणून मेस्त्री बंद बॉनेटवर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. इंजिन चालू, बाजूला मी, आणि माझ्या तोंडाला कुलूप. आता मला गप बसवणं सोपं नाही, हे आमच्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. मी काळजीखोर बाई. काळजी वाटली की बोलते, आणि काळजी मला सदान्कदा वाटते. पण मेस्त्रींपुढे गप बसायचे. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो इतकं हळू बोलतो की आपणच आवाज खाली आणतो.

नाहूर स्टेशनजवळ त्यांचा एकट्याचा गॅरेजचा गाळा होता. माणूस मालवणकडचा. मीही तिकडचीच सून, हे कळल्यापासून मी 'मॅडम'ची 'वयनी' झाले आणि ते माझ्याशी सरळ मालवणीत बोलू लागले.

पहिल्यांदा गेले ते रडकुंडीला येऊन. आमची डिझेल गाडी पवईच्या चढावर अचानक मेल्यासारखी झाली होती. अ‍ॅक्सिलरेटर दाबते, दाबते, पण ती बैलगाडीच्या वेगाने चाललीय आणि मागे हॉर्नवर हॉर्न. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने बघताक्षणी सांगितलं होतं, अख्खा टर्बो बदला.

मेस्त्रींनी मला स्टुलावर बसवून समजावलं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो. पंख्याभोवती बारीक पाती असतात, खिडकीच्या झडपांसारखी, वेगाप्रमाणे उघडमीट करणारी. ती काजळीने जाम झाली होती. गाडी कुठे कुठे नेता, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भाजीला, बँकेत, देवळात. त्यांनी कपाळाला हात लावला. एवढी डिझेल गाडी मी भाजीच्या पिशवीसारखी वापरत होते म्हणे. हळू चालवून चालवून तिला आजारी पाडलं होतं मीच.

मग त्यांनी टर्बो खोलला. आत नुसती चुलीतली काजळी. पात्यांची दांडी बोटाने ढकलायची, तांदळाच्या दाण्याएवढी हलली की थांबायचं, औषध फवारायचं, वाट बघायची, पुन्हा ढकलायचं. मला कुठला एवढा धीर! मी सुचवलं, एक हातोडी मारून बघा ना. मुलाला मारायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हलता मा?" ते म्हणाले. "मगे सुटतला."

हलतंय ना, मग सुटेल. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गंजलेला नट असो, अडकलेली काच असो, हेच. आणि संध्याकाळच्या आत पाती सुटलीसुद्धा.

सगळं जोडून झालं की मेस्त्रींची परीक्षा असायची. खिशातून हातभर रबरी नळी काढायची, एक टोक टर्बोच्या डबीला लावायचं, दुसरं स्वतःच्या तोंडात, आणि हवा ओढायची. ओढली की पाती फिरवणारा बारीक रॉड वर सरकायचा; पूर्ण वर गेला की पाती मोकळी. तो तसाच वर धरून मेस्त्री बोटांवर दहा मोजायचे, मग सोडायचे. त्यासाठी पंप मिळतो हो बाजारात. पण ह्यांचा पंप म्हणजे ह्यांची छाती. तोंड पुसून म्हणायचे, झकास.

मला पथ्य मिळालं: दर रविवारी सकाळी हायवेवर घाटकोपरपर्यंत जायचं आणि यायचं, तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन ओरडू द्यायचं, म्हणजे काजळी जळते. पहिल्या रविवारी मी इंजिनापेक्षा जास्त ओरडले असेन.

दोन वर्षं सुरळीत गेली. मग माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिची डॉक्टरीण जोगेश्वरीला, सासरजवळ. म्हणजे वेळ आली की पवईचा चढ आलाच. कॅब करू गं, असं ती म्हणायची. पण कॅबवाले ऐन वेळी नाही म्हणतात, आणि माझी पोर फुटपाथवर कळा देत उभी, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मीच नेणार, असं ठणकावून सांगितलं.

आणि दिवस भरत आलेले असताना गाडी चढावर पुन्हा मेली. तशीच नाहूरला गेले.

मेस्त्री वाळले होते. बॉनेटपर्यंत येताना दोनदा थांबले. मला ते दिसलं, खोटं कशाला बोलू? पण माझा सगळा जीव त्या चढावर अडकला होता. त्यांनी आतला एक चिरलेला पाइप शोधून बदलला. मग खिशातली नळी काढली आणि हवा ओढली. रॉड अर्ध्यावर येऊन थांबला. पुन्हा ओढली, ओठ निळसर झाले. पुन्हा अर्ध्यावरच.

टर्बो परत जाम झालाय म्हणाले, खोलावा लागेल, दोन दिवस. दोन दिवस कुठून आणू मी? बाळ थांबणार आहे का दोन दिवस?

काय अंगात आलं कोण जाणे, मी त्यांच्या हातातली नळी घेतली, पदराने पुसली आणि ओढली. रॉड सरसर वर गेला आणि टोकाला लागला. मी बोटांवर दहा मोजले. रॉड जागचा हलला नाही.

"गेला की पूर्ण वर!" मी ओरडलेच.

मेस्त्रींनी नळी परत घेतली, एकदा ओढून पाहिली. अर्ध्यावर. मग ती गुंडाळून माझ्या हातात ठेवली.

"गाडी बरी आसा, वयनी. पंप गेलो."

आणि मी काय केलं? त्यांना डॉक्टरकडे चला म्हटलं? बसवून पाणी दिलं? मी गाडी घेऊन घरी आले. आनंदात आले. त्याची आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. मुलगी मागच्या सीटवर कण्हतेय, मी तिसऱ्या गिअरमध्ये, आणि गाडी चढ अशी चढली की बस्स. नातू झाला.

पेढे घेऊन गेले तर गाळ्याचं शटर खाली. शेजारचा सीटकव्हरवाला म्हणाला, घरीच असतात, ऑक्सिजन लावलाय. पत्ता विचारत गेले. मेस्त्री खाटेवर बसून होते, मांडीवर दवाखान्यातलं ते श्वासाच्या व्यायामाचं खेळणं: तीन नळकांडी, तीन चेंडू, आणि ओढायला एक नळी. त्यांनी ओढून दाखवली. पहिला चेंडू वर गेला, दुसरा थोडा उचलला गेला. तिसरा तळाशी.

"हलतो ना? मग सुटेल," मी म्हटलं.

"तो हललोच नाय, वयनी."

मी पेढ्याच्या बॉक्सची दोरी सोडत बसले. गाठ सुटता सुटेना. त्यांनीच विचारलं, "झील जल्मल्यार रडलो मा?"

"रडला नातू. मोठ्यांदा. बाहेर मला ऐकू आलं."

"मगे पंप बरो आसा," ते म्हणाले, आणि पेढ्यासाठी हात पुढे केला.

नातवाच्या बाराव्या दिवशी मेस्त्री गेले. मला कळलं ते बारसं झाल्यावर. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. नळी माझ्या गाडीत असते. रविवारी हायवेला निघण्याआधी मी ती लावते, ओढते, दहा मोजते.

नातू रडायला लागला की मुलगी धावत सुटते. मी काळजीखोर बाई, खरं तर मी तिच्या आधी धावायला हवं. पण मी तिला हाताने थांबवते. गप रवा जरा, म्हणते. आणि आम्ही दोघी दारात उभ्या राहून ऐकतो.