गोल भिंतीतला आवाज

आमच्या गावातल्या चर्चला लोक पाण्याची टाकी म्हणतात. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी बांधलेलं. ना शिखर, ना घंटाघर. एकच गोल, गुळगुळीत सिमेंटची भिंत आणि छताखाली काचेची पट्टी. माहेरच्या कौलारू चर्चमध्ये माझे गुडघे आपोआप टेकायचे. इथं सून म्हणून आले, पण या कोऱ्या भिंतीत मला देव कधी जाणवला नाही.

हे गेल्यावर वर्षभरातच मला क्षय झाला. गोळ्यांनी पोटात अन्न ठरेना. लेक अकोल्याला, तिला काही कळवलं नव्हतं. एका दुपारी चर्च उघडं दिसलं म्हणून आत शिरले. भिंतीलगतच्या बाकावर बसले आणि भिंतीला कपाळ टेकून पुटपुटले, "देवा, आता गोळ्या बंद. मले घेऊन जाय."

"तसं नोका करू, बाई. गोळ्या घ्या."

अगदी कानाशी! मी गर्रकन वळले. बाकावर कोणी नव्हतं, मागेही नव्हतं. मी दाराकडे जायला उठले.

तेवढ्यात वेदीच्या पडद्यापलीकडून एक म्हातारे गृहस्थ भिंत धरत उठले. डोक्यावर जाळीची टोपी, चेहरा पांढराफटक. मेहकरची एस.टी. चुकली म्हणून ते सावलीला येऊन बसले होते.

"तुमी तिथून बोलल्या?" त्यांनी विचारलं. "मले वाटलं, कोनी मांगं बसून बोलून राह्यलं."

ते तिथल्याच बाकावर टेकले. "माह्या घरचीनं अशाच गोळ्या सोडल्या होत्या. तवा मी गप राह्यलो. आज राहावलं नाही."

मग मी रडले. कितीतरी वेळ. ते दूरच्या बाकावर तसेच बसून राहिले, पुढची गाडीही त्यांनी जाऊ दिली. निघताना म्हणाले, "लेकीले फोन लावा." मी तिथूनच लावला. लेक त्याच संध्याकाळी आली आणि गोळ्या संपेपर्यंत राहिली.

गोल भिंतीलगत कुजबुजलं की शब्द भिंतीवरून सरकत पलीकडे पोचतो, असं पाळकसाहेबांनी नंतर समजावलं. असेल तसं. तो आवाज माणसाचा होता हे मलाही ठाऊक आहे. पण आठवण झाली की आजही अंगावर काटा येतो. मी मरण फार हट्टानं मागत होते. त्या दिवसापासून मागणं देवावर सोडलं. मी मागितलेलं त्यानं दिलं नाही, म्हणून तर आज आभार मानायला उरले आहे.