अनवाणी पायाचा ॲव्हरेज

मेव्हण्याने जुनी सुपरचार्जरवाली गाडी घेतली आणि बोईसरभर मिरवली. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. जोर येतो, पण पेट्रोलही ढोसतो. "दाजी, लिटरला पाचच्या वर जात नाही. असल्या गाडीला ॲव्हरेज विचारायचा नसतो," तो ऐटीत म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं कारखान्याचा टेम्पो चालवतोय मी! तेल गाडी पीत नाही, पाय पितो. पालघरपर्यंत दहा काढून दाखवतो, अशी पैज लावली.

टेम्पोत काढतो तशा चपला काढल्या. बेटेगावपासूनच अंगठ्याने जेमतेम पेडल चेपत राहिलो. पुढे ट्रक दिसला की आधीच पाय उचलायचो, ब्रेक लावायची वेळच येऊ द्यायची नाही. सुपरचार्जर अगदी गप्प. पालघरला स्क्रीनवर अकरा! मेव्हणा आ वासून बघत राहिला.

परतताना रस्ता मोकळा होता. "आता एकदा दाबा की," तो म्हणाला.

दाबलं. सुपरचार्जरची शीळ घुमली, पाठ सीटला चिकटली, मी पोरासारखा ओरडलो. मग पाय उचलवेचना. बोईसरला आकडा सहावर!

"मग पैज कोण जिंकलं?"

मी चावी खिशात टाकली. "उद्या पुन्हा जाऊन बघू."