विमानावर नेलेला डबा

कुणी नुसतं ‘टर्मिनल बदललंय’ म्हणालं तरी मी आजही दचकते. लोक सांगतात, काय छान केलंय आता मुंबईचं विमानतळ, पाहत राहावं असं. असेल बाप्पा! मी शेवटचं पाहिलं तेव्हा ते निम्मं पाडलेलं होतं, जिकडे तिकडे पत्रे ठोकलेले होते, नि आज इथं असलेलं दार उद्या भलतीकडेच उघडत होतं. आणि त्या राड्यात माझ्या मायला तिचा पोरगा गाठायचा होता.

दादा मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. कित्येक वर्षांत घरी आलेला नव्हता. आता कंपनी त्याला चेन्नईमार्गे सिंगापूरला धाडत होती आणि मुंबईत विमान बदलायचं होतं. मध्ये काही तास मोकळे, पण घरी यायला सुट्टी नाही. मायनं हे ऐकलं आणि तिथल्या तिथं ठरवून टाकलं, “मले डबा घेऊन जा लागते.”

हसू नका. आमच्याकडे ही रीतच आहे. नात्यातलं कुणी बडनेऱ्याला गाडी बदलणार असलं, की आम्ही अमरावतीहून डबा घेऊन स्टेशनावर हजर. पुढची गाडी जिथं लागते त्या फलाटावर थांबायचं, पाहुणा आपोआप तिथं येतो. डबा हाती द्यायचा, ‘किती वाळला’ म्हणून ओरडायचं, गाडी हलली की डोळे पुसत परत यायचं. लग्न होऊन अमरावतीला आल्यापासून असे कितीतरी डबे मी पोचवले. एकही पाहुणा कधी चुकला नव्हता.

पण मायला नुसता डबा द्यायचा नव्हता, तिला दादा डोळ्यांनी पाहायचा होता. ती वर्षंच तशी होती, कर्जापायी शेतकरी जीव देत होते. पातूरकडच्या माझ्या माहेरच्या गावात वावरातून यायला कुणाला उशीर झाला की बायका दारात येऊन उभ्या राहत आणि माणसं बॅटऱ्या घेऊन शोधायला निघत. फोनवर ‘बरा आहे’ म्हणणाऱ्यावर कुणाचा विश्वास उरला नव्हता. दादाचाही नव्हता. दर फोनला त्याचा एकच प्रश्न, “बाबा कुठं हायेत?” आम्ही म्हणायचो, “वावरात.” खरोखर ते वावरातच असत, फोनवर बोलायचा त्यांना भारी कंटाळा. “मंग त्याइले फोन काहून देत नाही तुमी?” दादा चिडायचा. मुंबईलाही बाबा आले नाहीत. कापसाची वेचणी आहे म्हणाले. मला असा राग आला होता की सांगता सोय नाही.

मी बडनेऱ्याला गाडीत बसले, माय अकोल्याला चढली. चढल्याबरोबर तिनं मंगळसूत्र पोलक्याच्या आत खोचलं. “मुंबईचे चोट्टे लय वाईट,” म्हणाली. डब्यात ज्वारीच्या भाकरी, भरलं वांगं आणि लसणाची चटणी. मुंबई येईस्तोवर तिनं तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

दादानं सांगितलं होतं, “मागं तुमी मले जिथं सोडलं होतं, तिथंच थांबा. मी बाहेर येतो.” तिथं गेलो, तर ती जागाच नव्हती! पायऱ्या नाहीत, कठडा नाही, नुसते पत्रे आणि आत मशीनची धडधड. मी एकाला विचारलं, दुसऱ्याला विचारलं. जो तो वेगळ्याच बाणाकडे बोट दाखवायचा. शेवटी एकानं विचारलं, जाणार कुठं आहे तुमचा माणूस? चेन्नईला, म्हटलं. मग ते विमान इथून सुटतच नाही, म्हणाला, दुसऱ्या टर्मिनलवर जा.

माय लगेच चालायला लागली. “त्याले ज्या गाडीत बसाचं हाय, तिथंच उभं राहा लागते. बडनेऱ्याले काय करतो आपण?” मलाही पटलं. रिक्षा केली. रिक्षा निघाली ती रस्ते, पूल, दुकानं, सिग्नल ओलांडत चाललीच. माय बाहेर डोकावून वैतागली, “माय वो, हे कोणतं टेशन? दोन फलाटाच्या मधात गाव वसलं!”

उतरलो तेव्हा दोघी धुळीनं माखलेल्या. असं मळकं तोंड पोराले काय दाखवू, म्हणत मायनं नळावर तोंड खसाखसा धुतलं, पदरानं कपाळ पुसलं. मग दारापाशी उभ्या राहिलो. आत सोडत नव्हते. प्रत्येक टॅक्सीतून दादा उतरेल असं वाटायचं. दादाचा तिकडचा फोन इथं लागत नव्हता. मी येरझारा घालत होते, मायवर उगाच खेकसत होते. दादा तिकडं पत्र्यांपाशी आम्हालाच शोधत होता, हे आम्हाला काय ठाऊक! वेळ संपत आला तशी त्यानं विमानतळाची आतल्या आत फिरणारी बस धरली. ती बस त्याला थेट आत सोडणार होती, आमच्या दारावरून नाही.

“तो पाह्य!” माय ओरडली.

तो काचेच्या आत होता. आम्हाला पाहून धावत आला. काच जाड, आवाज जाईना. मायनं हसून डबा वर धरला. दादा हसला नाही. तो तिच्या कपाळाकडे पाहत होता. मग गळ्याकडे. मग आमच्या मागे, आणखी कुणी आहे का म्हणून. आणि त्याचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं हा इथंच खाली बसतो.

मी मायकडे वळून पाहिलं. कपाळ कोरं. गळा मोकळा.

“माय, कुंकू!” मी किंचाळले.

तिनं डबा माझ्या अंगावर लोटला, पोलक्यात हात घातला, मंगळसूत्र बाहेर ओढलं आणि मुठीसकट काचेवर आपटलं. “हायेत! तुहे बाबा हायेत! वावरात हायेत रे!” शिपाई धावत आला. आत दादा काचेला डोकं टेकवून लहान पोरासारखा रडत होता, हसत होता. मग त्याला कुणीतरी आत बोलावलं.

डबा आम्ही तसाच परत आणला. दुसऱ्या दिवशी मायनं बाबांना सगळं सांगितलं. ते उठले नि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

सिंगापूरहून दादाचा पहिला फोन आला तेव्हा बाबा आधीच येऊन बसले होते, अंगावर वावरातले कपडे. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि कुणी काही विचारायच्या आत मोठ्यानं म्हणाले, “मी हाय.”