माझी गाडी मागे जात नाही

आमच्या गाडीला रिव्हर्स गिअर नव्हता आणि त्यावाचून माझं काहीही अडलं नव्हतं. अडलं होतं ते घरच्यांचं.

मी जातीचा गलाईवाला. खानापूरकडून पोरवयात मद्रासला आलो (तेव्हा मद्रासच होतं, चेन्नई नंतर झालं, मला न विचारता!) आणि जन्मभर सोनं गाळलं. लोकांच्या आज्यांच्या पाटल्या मुशीत टाकून पाणी करताना हात कधी थरथरला नाही. पण माझी पांढरी गाडी भंगारात द्यायची गोष्ट निघाली आणि मी गेटला कुलूप घातलं. शाळा चौथीपर्यंत झाली, पाचवीच्या मास्तरांशी पटलं नाही. तरी ही गाडी मी स्वतःच्या कमाईतून घेतली होती. त्या मास्तरांकडे सायकल होती!

आमच्या तांबरमच्या मणी मेकॅनिकनं गाडीखाली झोपून निदान केलं. "सार, गिअरबॉक्स पोच्चु! गेला! या मॉडेलचे पार्ट मिळत नाहीत."

"पुढचे गिअर पडतात ना?"

"पडतात."

"मग गेला कुठं? अर्धा इथंच आहे!"

आमचा विजय ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर. त्याच्या जिवाला हे फारच लागलं. "आप्पा, मी रोज नव्या गाड्या बाहेर काढतो आणि माझा बाप मागं न जाणारी गाडी चालवतो. कारखान्यात तोंड दाखवायला जागा नाही!"

"सांग त्यांना, आमचे आप्पा आयुष्यात कधी मागं गेलेच नाहीत."

आणि मी खरंच वर्षभर मागे न जाता चालवली. गाडी लावायची ती तोंड रस्त्याकडे करून. वळायचं तर गोल वळायचं. एकदा स्टेशनवर माझी बायको सुमन पिशव्या घेऊन उभी होती. मी चुकून दहा हात पुढे गेलो. दुसरा कोणीही गाडी मागे घेतो. मी हात हलवून "आलोच!" म्हणालो आणि सगळ्या तांबरमला वळसा घालून अर्ध्या तासानं आलो. तोवर ती बसनं घरी पोचून भात लावत होती.

शेवटी विजयनं पैज लावली. रविवारी तिरुवल्लिकेणीला त्याच्या सासऱ्यांकडे जेवायला जायचं होतं. "कुणाचा हातही न लागता गाडी गेली आणि आली, तर ठेवा. हात लागला तर सोमवारी भंगारात. कबूल?"

"कबूल!"

आमचे व्याही तमिळ, रिटायर हेडमास्तर. (मास्तर माझ्या नशिबातून काही सुटत नाहीत.) व्याह्याला तमिळमध्ये 'संबंधी' म्हणतात; मी हुशारीनं आधीच फोन केला. "संबंधी, तुमची गल्ली पलीकडे निघते ना?"

"निघते, निघते. देवळाच्या रस्त्याला निघते."

गल्ली खरंच निघत होती. पण मी अर्ध्यावर गेलो आणि समोरून नादस्वरम वाजायला लागलं. खांद्यावरच्या पालखीत, फुलांत बुडालेले, साक्षात पेरुमाळ येत होते! गल्ली इतकी अरुंद, की देव आणि मी दोघं मावणं शक्य नव्हतं.

पुढचा एक दांडगा भालदार ओरडला, "सार, पिन्नाडि पोंगा!" मागे घ्या!

"नाही जमत."

"का?"

"माझी गाडी मागे जात नाही."

भटजी चिडून पुढे आले. "अहो, पेरुमाळही मागे जात नाहीत!"

"मग आमचं दोघांचं जमेल," मी म्हणालो आणि इंजिन बंद केलं.

मागच्या सीटवर विजय गालातल्या गालात हसत होता. सुमननं पदर तोंडाला लावला. "अहो, देवापुढं तरी हट्ट सोडा!"

"हट्ट माझा नाही, गिअरबॉक्सचा आहे!"

एवढ्यात पांढरीशुभ्र वेष्टी धोतरासारखी सावरत आमचे व्याही धावत आले आणि त्यांनी वर्गाला घालावा तसा आवाज घातला, "तळ्ळु! ढकला!" वीसएक माणसं बॉनेटला भिडली. मी न्यूट्रलला टाकली आणि स्टिअरिंग धरून ताठ बसलो. ढोलाच्या तालावर "ऐलेसा! ऐलेसा!" करत गाडी मागे निघाली, समोरून पालखी डुलत आली. मध्ये मी, देवाकडे तोंड करून मागे मागे! गल्लीतल्या बायकांना वाटलं, ही गाडी मिरवणुकीतलीच. एकीनं बॉनेटला कुंकू लावलं. दुसरीनं वायपरला झेंडूची माळ घातली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत माझ्या गाडीची कापरानं आरती झाली होती!

जेवायला बसल्याबसल्या विजय म्हणाला, "आप्पा, हात लागला. एक नाही, चाळीस!"

"ते देवाच्या माणसांचे होते. ते धरायचे नाहीत!"

"धरायचे!"

निवाडा व्याह्यांकडे गेला. हेडमास्तरांनी सांबारभात कालवता कालवता विचार केला. "पैज आमचे संबंधी हरले," ते म्हणाले. (मी पान सोडून उठणारच होतो.) "पण आरती झालेली गाडी भंगारात देता येत नाही. दुरुस्त करा."

आयुष्यात पहिल्यांदा मला एक मास्तर आवडला!

मणीनं कुठून तरी मेलेल्या गाडीचा गिअरबॉक्स शोधून आणला आणि बसवला. मी गाडी मुद्दाम तोंड घराकडे करून लावली आणि पहिला रिव्हर्स बघायला सगळे गेटपाशी जमले. व्याहीसुद्धा आले. गिअर लोण्यासारखा पडला. मी ऐटीत विजयकडे बघितलं, मागे बघायला मान वळवली, आणि मान वळेचना! वर्षभर मागे बघितलंच नव्हतं, ती तिथंच गंजली होती. मी ब्रेक शोधेपर्यंत गेट आडवं झालं आणि गाडी रस्त्यावर.

सुमननं कपाळाला हात लावला. "मणी, गाडी झाली. आता ह्यांचं काय करायचं? दुरुस्त करायचे, का बदलायचे?"

मणीनं माझी मान दोन्ही हातांत धरली, गिअरसारखी डावी-उजवी हलवून बघितली आणि गंभीरपणे डोकं हलवलं.

"अम्मा, या मॉडेलचे पार्ट मिळत नाहीत."