खंडेनवमीला बाबांनी काय मागितलं

बाबा महाप्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तिथे पंप बनायचे, आणि पंपाचा प्रत्येक सुटा भाग आधी बाबांच्या बोर्डावर ट्रेसिंग पेपरवर उतरायचा. शाईची रेघ चुकली की ब्लेडने हलकेच खरवडायची. त्यामुळे त्यांच्या उजव्या बाहीला कायम पांढरा भुगा लागलेला असे. आई त्याला कंपनीचा अंगारा म्हणायची आणि धुण्याच्या दिवशी नावं ठेवायची.

त्या कंपनीत एक रीत होती. कागदावर कुठेच नव्हती, पण सगळे तिच्यावर विसंबून होते. जुन्या माणसाच्या एका पोराला कंपनी चिकटवून घ्यायची. आमच्या घरात मी एकटीच. म्हणून बारावी झाल्यावर मला आयटीआयला घातलं, ड्राफ्ट्समनच्या कोर्सला. मला कॉलेजात जायचं होतं. मी भांडले, रुसले, बाबांशी बोलणं टाकलं. त्यांना काही फरक पडला नाही, कारण त्यांच्या मनात चित्र पक्कं होतं: त्यांच्या शेजारच्या बोर्डावर मी.

आणि मग मला ते काम आवडायला लागलं, हीच पंचाईत झाली. कोऱ्या कागदावर पहिली रेघ ओढताना श्वास आपोआप धरला जातो. ती सरळ उतरली की दिवसभर कुणी काही बोललं तरी राग येत नाही, आणि माझा स्वभाव पाहता ही मोठीच गोष्ट होती. कोर्स संपेपर्यंत मला ती नोकरी बाबांपेक्षाही जास्त हवी होती.

त्या वर्षी खंडेनवमीला बाबा मला कंपनीत घेऊन गेले. त्या दिवशी मशीन बंद, सगळीकडे झेंडूच्या माळा, कामगारांची बायकापोरं नटूनथटून आलेली. ड्रॉइंग ऑफिसमध्ये प्रत्येकाने आपापल्या बोर्डावर आपली हत्यारं मांडली होती. बाबांनी माझी कंपासपेटी त्यांच्या पेनांशेजारी ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. शेजारचे काका हसून म्हणाले, "झालं, पोरीची जॉइनिंग झाली."

कोपऱ्यात काचेची नवी केबिन होती. आत एसी, आणि ड्रॉइंग काढायला नुकताच आलेला कॉम्प्युटर. चप्पल बाहेर काढून आत जायचं, म्हणजे अर्धं देऊळच. त्याची पूजा कोण करणार असा प्रश्न आला तेव्हा साहेबांनी सर्वांत जुना माणूस म्हणून बाबांना पुढे केलं. बाबांनी बोट कुंकवात बुडवून पडद्याकडे नेलं, तसे साहेब घाईने म्हणाले, "स्क्रीनला नको हं, वरती लावा, वरती." बाबांनी वर टिळा लावला, हार घातला, नारळ केबिनबाहेर फोडला. मग आत येऊन हात जोडून बराच वेळ उभे राहिले.

पेढे वाटताना साहेब मोकळेपणाने बोलले. पुढच्या दहा-वीस वर्षांत एकाच कंपनीत जन्म काढणारा माणूस सापडणार नाही, म्हणाले. सगळ्यांनी मान डोलावली आणि दुसरा पेढा घेतला.

घरी येताना मी बाबांना विचारलं, "एवढा वेळ काय मागत होता?"

"तुझ्यासाठीच मागितलं, बाय. म्हटलं, आमच्या पोरीला इथं चिकटव. नवीन मशीन हाय, तिचा पायगुण चांगला असेल."

दिवाळीनंतर ड्रॉइंग ऑफिसमधल्या सगळ्यांना व्हीआरएसची पत्रं मिळाली. काचेच्या केबिनमध्ये एक मुलगा बसला, तोही बाहेरच्या एजन्सीचा. पोरांना लावून घ्यायच्या रितीबद्दल विचारायला बाबा साहेबांकडे गेले, तेव्हा साहेब म्हणाले, "कुठल्या खात्यात लावू, तुम्हीच सांगा." ड्रॉइंगचं खातंच उरलं नव्हतं. कंपनीने निरोपाला शाल दिली आणि ज्याला हवा त्याला आपला बोर्ड न्यायला सांगितलं. बाबा टेम्पो करून घेऊन आले. सोसायटीच्या जिन्यात बोर्ड वळेना, तेव्हा वॉचमनने विचारलं, "काका, कॅरमचा आहे काय?"

मी बोर्डावरचं काम शोधत वाशी, तुर्भे, बेलापूर पालथं घातलं. जिथे जावं तिथे बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेले. शेवटी महाप्यालाच लागले, बाबांच्या कारखान्यासमोरच्या नव्या इमारतीत, डेटा एंट्रीला. काम कंत्राटी. जी खुर्ची रिकामी असेल तिच्यावर बसायचं आणि पाळी संपली की आपलं सगळं पर्समध्ये घालून उठायचं. तिथे मी जे भरते ते कशासाठी, मला माहीत नाही, आणि विचारलेलं चालत नाही. कंत्राट संपलं की एजन्सी दुसरीकडे धाडते. साहेब म्हणाले होते त्याला दहा वर्षंही लागली नाहीत.

पुढच्या खंडेनवमीला कामावरून आले तर बाबा दारातच उभे.

"आज काय पुजलंस गं?"

"काही नाही. तिथं माझं असं काहीच नाही बाबा, पुजू काय?"

मी चिडूनच बोलले. पलंगाखालून बाबांनी बोर्ड ओढून काढला, पंच्याने पुसला, भिंतीला टेकवला. माझी कंपासपेटी कपाटातून शोधून आणली, बोर्डापुढे ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं. मग हात जोडले आणि तसेच थांबले.

"आता काय मागू गं, बाय?" त्यांनी विचारलं.

आई आतून ताट वाढल्याचं सांगत होती, आणि बाबा हात जोडून माझ्याकडे बघत उभे होते.