माझ्या अंगात देवी येत नाही

माझ्या कपाळावर मळवट भरताना मला कोणी विचारलं नाही.

पुतण्याच्या सोयरिकीचे पाहुणे आले होते, कवठे महांकाळकडचे. आमचं घर इस्लामपूरच्या अलीकडं. धाकटे दीर कारखान्याचे संचालक. साहजिकच घरात धाकट्या जावेचा शब्द चालतो. माझा नवरा मळ्यात राबतो, त्याला कोण विचारतंय.

जावेनं सकाळीच बजावलं होतं, "आक्का, पावनं जाईस्तवर आतल्या खोलीत बसा. भायेर येऊ नगा."

बसले. पाहुण्यांना उशीर झाला. माझ्या गोळ्या राहिल्या स्वयंपाकघरात, वेळ टळून गेली. गोळी चुकली की माझा उजवा हात माझा राहत नाही. आधी बोटं, मग हात, मग हनुवटी. खुर्ची फरशीवर खडखडायला लागली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. खडखड थांबेना.

मुलीच्या आईनं दार ढकललं. मागं चार बायका.

"ह्यास्नी काय झालंय?"

जाऊ जराही अडखळली नाही. "आमच्या आक्कांच्या अंगात येतं. देवी हाय."

घरात दुखणं आहे म्हटलं तर सोयरीक मोडेल. देवी आहे म्हटलं तर मान वाढेल. एवढा हिशेब तिनं उभ्या उभ्या केला.

ताट आलं. कपाळभर कुंकू फासलं. मांडीवर खण-नारळ ठेवला, तो माझ्याच थरथरीनं खाली गडगडला. बायका पाया पडल्या. या आजारानं माझ्या चेहऱ्यावरचं हसू कधीच नेलंय, चेहरा लाकडासारखा राहतो. त्या दिवशी त्यांना तो देवीचाच वाटला असणार. मला किळस आली. दोन वर्षं याच घरात मला "नाटकं करतीया" म्हणत होते. ताटातलं सांडतं म्हणून वेगळं जेवायला बसवत होते. आज पाया पडत होते.

मुलीच्या आईनं हात जोडले. "आई, माझ्या लेकीचं हितं भलं हुईल का?"

जाऊ माझ्यामागं उभी. तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली.

"व्हय म्हना," ती कानात म्हणाली.

ती आई माझ्या तोंडाकडं बघत होती. माझ्या एका शब्दावर ती पोरगी या घरात देणार होती. मला जावेचा असा संताप आला की काही सुचेना. माझा आवाजही आता बारीक झालाय. होता तेवढा गोळा केला.

"मी देवी न्हाई. मला कंपवात झालाय. सांगलीच्या डाक्टरनी पार्किन्सन म्हणून नाव सांगितलंय. मेंदूचं दुखणं हाय, एकाचं दुसऱ्याला लागत न्हाई. सैपाकघरातली माझी गोळी तेवढी आणून द्या."

पाया पडलेल्या बायका मागं सरकल्या. जाऊ बाहेर निघून गेली. मुलीच्या आईनं स्वतः गोळी आणली, पाण्याचा पेला माझ्या ओठाला लावला. मग तिथंच खाली बसली.

"आमच्या सासऱ्याचं हातबी आसंच हलत्यात," ती हळू म्हणाली. "दारू पित्यात म्हनून गोठ्याशेजारच्या खोलीत कोंडलंय."

"पित्यात?"

"कवाच हात लावला न्हाई म्हनून शपथा घेत्यात. कुनी इस्वास ठेवला न्हाई. मीबी न्हाई."

पाहुणे काही न ठरवता गेले. दीर दारात येऊन म्हणाले, "वैनी, घराची अब्रू घालवलीसा. लगीन मोडलं तर तुमच्यामुळं."

"मोडू दे," मी म्हणाले. या घरात दिराला उलटून बोललेला माझा तो पहिला शब्द असेल.

उद्या मी कवठे महांकाळला जाणार आहे. दिरानं गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलंय. एसटी आहे. नवरा बरोबर येतोय. त्या घरात सगळ्यांसमोर त्या म्हाताऱ्याशेजारी बसणार, गोळी न घेता. बघू दे त्यांना दोघांचे हात. मग त्याला घेऊन सांगलीला डॉक्टरकडं. ते चहा-पाण्याचा आग्रह करतील. पण म्हातारा त्या खोलीतून बाहेर आल्याशिवाय मी त्या घरचं पाणी पिणार नाही.