बस्त्याव मेस्त्रीच्या घरची भिंत

ग्रॅनाइटच्या दुकानात जेवढी धूळ साचते, तेवढेच किस्से साचतात. धूळ मी रोज सकाळी झाडतो. किस्से मात्र संध्याकाळी चहाला कुणी आलं की आपोआप बाहेर पडतात, आणि त्यातले निम्मे आमच्या बस्त्याव मेस्त्रीचे असतात. गॅसमागच्या भिंतीला ग्रॅनाइटची अख्खी लादी लावण्यात त्याचा हात धरणारा कुडाळपासून रेडीपर्यंत कोणी नाही. फक्त त्याच्या स्वतःच्या किचनची भिंत परवापर्यंत नुसत्या सिमेंटची होती.

*

बस्त्याव दर रविवारी चर्चमध्ये जातो, पण गावच्या देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय लादीला हात लावत नाही. वालावलला एका गुरुजींकडे काम होतं. हा ओट्यासमोर हात जोडून उभा, "बा म्हाराजा, ही लादी न मोडता भिंतीक लागांदे रे म्हाराजा," आणि मागून आम्ही, "होय म्हाराजा."

गुरुजींना राहवलं नाही. "बस्त्याव, तुम्ही कसं काय गाऱ्हाणं घालता?"

"गुरुजी, भिंत तुमच्या देवाच्या राखणीतली. तेका इचारूक नको?"

गुरुजींनी लगेच नारळ आणून दिला.

*

आमचा बापू टेम्पो चालवतो. लादी गोधड्यांत गुंडाळून उभी बांधायची आणि रस्ताभर गाडी रांगत न्यायची, ही त्याची पद्धत. पिंगुळीत एका आजोबांनी चालत येऊन त्याला गाठलं आणि काळजीने विचारलं, "पेशंट खंय नेतंस रे?"

"किचनात," बापू म्हणाला आणि पुढे गेला.

*

बस्त्यावची बायको फिलोमिना. तिला तो दर वर्षी सांगायचा, "नाताळाक लादी लावतंय गो." ती म्हणायची, "खंयच्या नाताळाक, ता सांगलंस नाय."

तेलाचे डाग झाकायला ती भिंतीवर जुनी कॅलेंडरं चिकटवायची. मग मुलीचं लग्न ठरलं. लग्नाआधी नवरीला नारळाच्या रसाने न्हाऊ घालतात, तो रोस घरीच होणार होता आणि गोव्याहून सासरची माणसंही येणार होती. फिलोमिना दुकानात आली.

"भावजी, चेडवाच्या रोसाक विहीण माझ्या किचनात येतली. तिका काय कॅलेंडरां दाखवू?"

बोलता बोलता तिचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं. लग्नाचा आहेर म्हणून दुकानातली सर्वांत चांगली काळी लादी मी तिथल्या तिथे बाजूला काढली. तशी एकच होती.

*

त्याच आठवड्यात रेडीला घोटाळा झाला. स्विचबोर्डसाठी लादीत चौकोनी भोक पाडायचं असतं. बस्त्यावने माप बरोबर घेतलं, पण लादी पालथी ठेवून खूण केली. सुलटी करून भिंतीला लावली तर बोर्ड डावीकडे आणि भोक उजवीकडे.

घरची बाई बघतच राहिली. बस्त्यावने बराच वेळ भिंतीचं निरीक्षण केलं आणि विचारलं, "बाये, बोर्ड हलवूक येयत?"

तेव्हापासून त्याने भोकाची धास्तीच घेतली.

*

रोसाच्या आधी आम्ही त्याच्या घरी गेलो. काळी लादी बोर्डाचं भोक पाडायला अंगणात ठेवली. कॅलेंडरं उतरली. बस्त्यावने लादी सुलटी आहे ना ते पुन्हा पुन्हा पाहिलं, मग हात जोडले आणि "बा म्हाराजा" म्हणाला. आणि तेवढ्यावरच थांबून पुन्हा लादी तपासायला वाकला. एवढी किचनं केलेला माणूस, पण स्वतःच्या घरात त्याला गाऱ्हाणंही पुरं करवेना.

फिलोमिनाने पदर खोचला आणि ती पुढे आली.

"बा म्हाराजा, ह्या माणसान सगळ्यांची किचनां उजळल्यान."

"होय म्हाराजा."

"बायलेक वर्सानवर्सां नाताळाच्या नावान फसवल्यान."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बापू हळूच म्हणाला, "होय म्हाराजा."

"तरी मानूस बरो आसा."

"होय म्हाराजा."

"आज तेच्या हाताक येश दी, आणि भोक बोर्डाच्याच बाजूक पडांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बस्त्यावचा होता.